वाऱ्याच्या वाटेवरचे बेट

'मौसम' हा शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यातला आहे. मराठीत आपण 'मोसम' म्हणतो. आंब्याचा मोसम, लग्नाचा मोसम. पाऊस घेऊन येणाऱ्या वाऱ्यांना आपण 'मोसमी वारे' म्हणतो. हा शब्द मूळचा अरबी आहे. वर्षाच्या कोणत्या दिवसांत समुद्रावर वारा कोणत्या दिशेने वाहतो, हे पाहून अरबी खलाशी आपली गलबते हाकारत. त्या ठरलेल्या काळाला ते 'मौसिम' म्हणत. तोच शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपात गेला आणि त्याचा 'मान्सून' झाला.

आपले सारे जीवन या मोसमावर चालते. जून आला की आकाशाकडे डोळे लागतात. छत्र्या दुरुस्त होतात, कौले चाळली जातात, शाळा सुरू होतात. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा या तीन ऋतूंची आपल्या मनाला इतकी सवय झालेली असते, की साऱ्या जगात असेच असते, असे वाटू लागते. पण जून महिन्यात जिथे थंडी पडते, डिसेंबरात जिथे आंबे पिकतात आणि जिथे पावसाळा नावाचा वेगळा ऋतूच नाही, अशा एका बेटावर मी वर्षभर राहिले आहे. त्या बेटाचे नाव मॉरिशस.

नकाशा उघडून पाहा. हिंदी महासागरात, मादागास्कर बेटाच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरांवर एक लहानसा ठिपका दिसेल. विषुववृत्ताच्या उत्तरेला मुंबई जेवढी दूर आहे, जवळजवळ तेवढेच मॉरिशस दक्षिणेला आहे. म्हणूनच त्याचे ऋतू आपल्या उलट आहेत. ज्वालामुखीतून निर्माण झालेले हे बेट आकाराने फार लहान आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर आहे. आपल्याकडचा एखादा जिल्हासुद्धा त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

माझ्या धाकट्या भावाची नोकरी तिथे होती. १९९३ च्या जून महिन्यात मी त्याच्याकडे गेले. वाक्वा नावाच्या गावात, मधल्या पठारावर, तो भाड्याने राहत होता. घरमालक एक सत्तरीला आलेले आजोबा होते. त्यांचे आजोबा रत्नागिरीकडून गिरमिट करून उसाच्या मळ्यात कामाला आले होते. १८३४ पासून पुढे सुमारे पाऊणशे वर्षे हिंदुस्थानातून लाखो मजूर असेच तिथे गेले. घरात सगळे क्रिओल भाषा बोलत. पण आजोबा माझ्याशी मोडक्यातोडक्या मराठीत बोलायचे. मी शिक्षिका, म्हणून मला 'बाई' म्हणायचे. शेजारी एक उर्दूचे मास्तर राहत. तिथल्या शाळांत मुले मराठी शिकतात, तशीच उर्दूही शिकतात. मास्तरांशी माझे बोलणे हिंदुस्थानीत चाले. या दोघांनी मला त्या बेटाचा वारा वाचायला शिकवला.

मॉरिशसमध्ये दोनच ऋतू. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि जून ते सप्टेंबर हिवाळा. मधले मे आणि ऑक्टोबर हे दोन महिने एका ऋतूतून दुसऱ्या ऋतूत नेणारे. उन्हाळा आणि हिवाळा यांच्या सरासरी तापमानात फक्त चार-साडेचार अंशांचा फरक असतो. समुद्र चोहोबाजूंनी असल्यामुळे उष्णता फार वाढत नाही आणि फार कमीही होत नाही. तरीही जुलैच्या रात्री पठारावर चांगलीच थंडी वाजते. त्याला कारण वारा. आग्नेय दिशेकडून, मोकळ्या महासागरावरून येणारा हा वारा हिवाळ्यात जवळजवळ रोज वाहतो. शिडाच्या जहाजांना त्याचा उपयोग होई. भूगोलाच्या पुस्तकात त्याला 'व्यापारी वारा' म्हणतात. आमच्या अंगणात वाळत घातलेले कपडे सदा एकाच दिशेला फडफडत असत. आजोबा म्हणायचे, "बाई, हा वारा इथला जुना रहिवासी. आम्ही सगळे त्याच्या मागून आलो."

मी पोचले तेव्हा उसाला तुरे आले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रुपेरी, किंचित जांभळट तुऱ्यांचे शेत वाऱ्याबरोबर डोलत असे. थोड्याच दिवसांत तोडणी सुरू झाली. तोडणीचा हंगाम संपत आला तसा उकाडा वाढू लागला. डिसेंबरात झाडांवर लिचीचे लाल घोस लटकले, आंबे पिकले आणि गुलमोहर फुलला. आपल्याकडे गुलमोहर फुलला की मुलांना परीक्षा संपल्याची आठवण होते. तिथे तो नवे वर्ष जवळ आल्याची खूण आहे. हे झाड मूळचे शेजारच्या मादागास्करचे. तिथून ते जगभर गेले आणि ज्या देशात गेले, त्या देशाच्या उन्हाळ्यात फुलू लागले. झाडाला कॅलेंडर नसते. त्याला ऊन कळते.

या एवढ्याशा बेटावर पाऊसही सगळीकडे सारखा पडत नाही. पोर्ट लुई ही राजधानी वायव्य किनाऱ्यावर आहे. तिथून पठारावरचे क्युरपिप हे गाव वीसेक किलोमीटर दूर. मी कित्येकदा तो प्रवास बसने केला आहे. पोर्ट लुईत कडक ऊन असायचे, अंगाला घाम यायचा. बस चढ चढू लागली की हवा गार होई. क्युरपिप येईपर्यंत खिडकीच्या काचांवर पावसाचे थेंब दिसत. लोक थट्टेने म्हणतात, "क्युरपिपला दोन ऋतू आहेत. एक पावसाळा आणि दुसरा पावसाचा काळ!"

असे का होते, हे आपल्याला समजायला कठीण नाही. सह्याद्री आपण पाहिलेला आहे. नैर्ऋत्येकडून येणारे ओले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि कोकणात व घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो. पलीकडे उतरेपर्यंत ते कोरडे झालेले असतात. म्हणून महाबळेश्वर भिजते आणि पूर्वेकडचा माणदेश तहानलेला राहतो. मॉरिशसमध्ये हीच गोष्ट उलट दिशेने घडते. वारे आग्नेयेकडून येतात. ते पठारावर चढताना पाऊस पाडतात आणि पश्चिम किनारा कोरडा राहतो. पठाराच्या काही भागांत वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर त्याच्या पाव हिश्श्याइतकाही पडत नाही. पुणे आणि महाबळेश्वर यांच्यातले अंतर तिथे तास-दीड तासाच्या बसप्रवासात मावते.

वर्षाचा दोन-तृतीयांश पाऊस उन्हाळ्यात पडतो. त्याच काळात समुद्र तापलेला असतो आणि त्याच काळात चक्रीवादळे येतात. समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी सुमारे २७ अंशांपर्यंत तापले की त्याची भरपूर वाफ होते. ओली, उष्ण हवा वर जाते. तिची जागा घ्यायला आजूबाजूची हवा धावते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती सरळ न जाता वळते. असा तो भोवरा तयार होतो. आपल्या गोलार्धात तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. दक्षिण गोलार्धात काट्यांप्रमाणे फिरतो.

'सायक्लोन' या इंग्रजी शब्दाचा इतिहास मोठा मजेदार आहे. तो शब्द लंडनमध्ये नव्हे, कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन नावाचे एक गृहस्थ तिथे वादळांचा अभ्यास करत. १८४५ मध्ये 'चार्ल्स हेडल' नावाचे एक जहाज मॉरिशसजवळ वादळात सापडले आणि कित्येक दिवस त्या वादळाबरोबर गोल गोल फिरत राहिले. त्या जहाजाच्या नोंदी पिडिंग्टन यांनी बारकाईने वाचल्या. वारा सापाच्या वेटोळ्यासारखा फिरतो, हे त्यांनी ओळखले आणि ग्रीक भाषेतून 'सायक्लोन' हा शब्द घडवला. मॉरिशसच्या समुद्रातले वादळ आणि हिंदुस्थानातला अभ्यासक, अशी या शब्दाची जोडी आहे.

१९९४ च्या फेब्रुवारी महिन्यात मी एक चक्रीवादळ स्वतः अनुभवले. त्याचे नाव होते हॉलंडा.

तिथे वादळाची सूचना चार पायऱ्यांनी देत. वाऱ्याचे झोत ताशी १२० किलोमीटरांवर जाण्याची शक्यता दिसली, की दीड-दोन दिवस आधी पहिला इशारा मिळे. वादळ जवळ आले की दुसरा, मग तिसरा. प्रत्यक्ष तेवढा वारा सुटला की चौथा. सरकारी इमारतींवर एक, दोन, तीन असे लाल झेंडे चढत. देशाचे हवामान खाते आमच्या वाक्वा गावातच होते. त्याची पत्रके रेडिओवरून पुन्हा पुन्हा वाचली जात.

पहिला इशारा झाला त्या दिवशी आकाश अगदी निळे होते. माझा लहान पुतण्या म्हणाला, "आत्या, वादळ कुठे आहे? ऊन तर पडले आहे!" पण गल्लीतले लोक कामाला लागले होते. आजोबांनी शिडी लावून छपरावरचे सुटे पत्रे आणि कुंड्या खाली उतरवल्या. मास्तरांनी मशिदीतून परत येताना ट्रान्झिस्टरचे सेल, मेणबत्त्या आणि पाव आणले. त्यांनी ते आमच्यासाठीही आणले होते. रमजान दोन-तीन दिवसांवर आला होता. त्यासाठी भरून ठेवलेली खजुराची पिशवी त्यांच्या पत्नीने उंच कपाटात ठेवली. आम्ही बादल्या, पातेली, एवढेच काय, कपडे धुण्याचे टपसुद्धा पाण्याने भरून ठेवले. वादळात पाण्याचा महापूर येतो आणि नळाला मात्र पाणी नसते, हे तिथल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते.

मास्तरांचे घर जुने, लाकडी होते. तिसरा इशारा झाला तेव्हा आजोबा स्वतः त्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, "चला माझ्याकडे. माझे घर सिमेंटचे आहे." मास्तर, त्यांची पत्नी आणि दोन मुली, सगळे आमच्याकडे आले.

१० फेब्रुवारीला हॉलंडा बेटाला भिडले. खिडक्यांच्या झडपा घट्ट लावल्या होत्या. वीज गेली होती. घरात मेणबत्तीचा उजेड आणि बाहेर एक अखंड आवाज. एखादी आगगाडी घराभोवती फिरते आहे आणि थांबतच नाही, असे वाटत होते. झोतांचा वेग ताशी २०० किलोमीटरांहून अधिक होता, हे मागाहून कळले. दारांच्या फटींतून पाणी आत येत होते. ते आम्ही फडक्यांनी पुसत होतो.

मुलांना भीती वाटू नये म्हणून मास्तरांनी त्यांना एक खेळ शिकवला. ते म्हणाले, "दक्षिण गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा. वादळाचे केंद्र तुमच्या डाव्या हाताला असते. हिंदुस्थानात ते उजव्या हाताला असेल." वारा आधी आग्नेयेकडून येत होता. नंतर तो पूर्वेकडून आणि पुढे उत्तरेकडून येऊ लागला. मुले कान देऊन ऐकत, दिशा ठरवत आणि डावा हात पुढे करत. त्यांचा हात आधी ईशान्येकडे, मग उत्तरेकडे आणि शेवटी पश्चिमेकडे वळला. वादळ बेटाच्या वायव्येकडून पुढे सरकत होते. बंद घरात, अंधारात बसून त्या चिमुकल्यांनी त्याचा माग काढला होता!

मध्येच आवाज एकदम कमी झाला. "थांबले! थांबले!" असे ओरडत पुतण्या दाराकडे धावला. आजोबांनी त्याचा हात धरला. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या वेळी तो चढला. "वारा थांबला म्हणून दार उघडायचे नाही!"

मग त्यांनी १९६० सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी जानेवारीत ॲलिक्स नावाचे वादळ आले. या समुद्रातल्या वादळांना नावे देण्याची पद्धत त्याच्यापासूनच सुरू झाली. लोकांनी कशीबशी घरे सावरली, तोच फेब्रुवारीच्या शेवटी कॅरोल आले. त्या काळी मजुरांची घरे लाकडाची, पत्र्याची आणि गवताने शाकारलेली असत. कॅरोलचे केंद्र थेट बेटावरून गेले. केंद्राला वादळाचा डोळा म्हणतात. त्या डोळ्यात वारा पडतो, आकाशही उजळते.

"काही तास सगळे शांत झाले," आजोबा म्हणाले. "लोक बाहेर आले. आमच्या शेजाऱ्याची गाय दावे तोडून पळाली होती. तो तिला शोधायला उसात गेला. मीही निघालो होतो. पण आईने माझा सदरा धरून ठेवला. ती म्हणाली, अर्धेच वादळ गेले आहे. मग वारा पुन्हा आला, पण उलट दिशेने. गाय परत आली. शेजारी दुसऱ्या दिवशी उसात सापडला."

कोणीच काही बोलले नाही. बाहेर वाऱ्याने पुन्हा जोर धरला होता. पुतण्या आजोबांच्या मांडीवर जाऊन बसला.

कॅरोलने चाळीसहून अधिक माणसांचा बळी घेतला आणि हजारो घरे जमीनदोस्त केली. त्यानंतर सरकारने काँक्रीटच्या घरांच्या वसाहती बांधल्या. लोकही पै पै साठवून सिमेंटची घरे बांधू लागले. आज मॉरिशसमध्ये सपाट गच्चीची घरे दिसतात. एखाद्या प्रवाशाला ती साधी वाटतील. पण त्या भिंती कॅरोलच्या आठवणीने उभ्या केलेल्या आहेत. त्याहून मागे, १८९२ च्या एप्रिलमध्ये आलेल्या वादळात हजाराहून अधिक माणसे मेली होती. वारा तोच, पण इशारा वेळेवर मिळू लागला, घरे पक्की झाली आणि माणसे वाचू लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दार उघडले. झाडांवर पान उरले नव्हते. विजेचे खांब आडवे झाले होते. ऊस जमिनीला टेकला होता. मास्तरांच्या घराचे अर्धे छप्पर रस्त्यात पडले होते. मास्तरांनी ते पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "छप्पर पुन्हा घालता येते." रमजानचे पहिले रोजे त्यांनी आमच्याच घरी धरले. वीज आलेली नव्हती. संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात दोन्ही घरची माणसे एकत्र बसत आणि उंच कपाटातला खजूर सगळ्यांना मिळे.

पण हेच वादळ पाणीही आणते. पठारावरचे तलाव उन्हाळ्याच्या पावसाने भरतात आणि त्यात चक्रीवादळांच्या पावसाचा मोठा वाटा असतो. १९९८-९९ मध्ये पुरेसा पाऊस झाला नाही, तेव्हा बेटावर कडक दुष्काळ पडला. चारी बाजूंना पाणी आणि घरात प्यायला पाणी नाही! म्हणून तिथले लोक म्हणतात, वादळ यावे, पण दुरून जावे.

मी परत आले त्याला आता कितीतरी वर्षे झाली. बेटाच्या बातम्या मी अजून वाचते. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईत वादळ नसताना थोड्याच वेळात इतका पाऊस कोसळला, की पुरात ११ माणसे दगावली. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या पावसाने त्याच शहराच्या रस्त्यांतून मोटारी वाहून नेल्या. पृथ्वी तापते आहे, समुद्रही तापतो आहे. तापलेल्या समुद्रावर वादळांना अधिक बळ मिळते आणि पाऊस एकदम, मोठ्या सरींनी पडतो. म्हणून आता नुसता वारा मोजून भागत नाही. पावसाचाही इशारा वेळेवर द्यावा लागतो आणि पाण्याला जायला वाट मोकळी ठेवावी लागते.

हे सारे आपल्यापासून दूर आहे, असे समजू नका. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांतल्या नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसात झोपल्या. तुमच्यापैकी काही जणांनी ते वादळ पाहिलेही असेल. पुढच्याच वर्षी, मे महिन्यात, तौक्ते वादळ आपला किनारा घासून गेले.

वाऱ्याला कोणी अडवू शकत नाही. पण त्याची चाहूल घेता येते. निळ्या आकाशाखाली उभे राहूनही इशाऱ्यावर विश्वास ठेवता येतो, पाणी भरून ठेवता येते, शांतता पसरली तरी दार बंद ठेवता येते. आणि आपले घर पक्के असेल, तर ज्याचे घर कच्चे आहे त्याच्या दारात जाऊन, "चला माझ्याकडे" असे म्हणता येते. मॉरिशसचे लोक हे शाळेत शिकले नाहीत. त्यांना ते वाऱ्याने शिकवले. तुम्ही मात्र ते वादळ येण्याआधीच शिकून घ्या.